भिंतीपासून बोटभर जागा

पुलाच्या स्लॅबमध्ये सांधा सोडायला लावण्यासाठी सरकार मला पगार देत होतं. उन्हात काँक्रीट पसरतं, त्याला जागा लागते, हे मी कंत्राटदारांना दरडावून सांगायचो. स्वतःच्या घरात मात्र अक्कल गहाण ठेवून बसलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आदिलाबादला आम्ही घर बांधलं आणि बैठकीत लाकडी फरशी घालायची हौस मला आली. हैदराबादहून फळ्या मागवल्या. वर सागाचा पातळ थर, खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर. गल्लीत कोणी असलं काही पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. काम दिलं गुडीहत्नूरच्या सुताराला. निर्मल गावी लाकूडकामात हात बसलेला, कमी बोलणारा, माझ्याच वयाचा माणूस. आमच्या खात्याचं विश्रामगृह तेव्हा नव्यानं सजवायचं होतं. "माझ्या घरचं काम पाहून मोठे साहेब ते काम तुम्हालाच देतील, मिस्त्री," असं मी त्याला छातीठोकपणे सांगितलं. त्या भरवशावर त्यानं हातातली दोन कामं सोडली.

फळ्या बसवायच्या कशा, यावर आमचं वाजलं. त्याचं म्हणणं, खाली फोमचा पातळ थर अंथरू, फळ्या फक्त एकमेकींना चिकटवू, जमिनीला नाही, आणि चारी भिंतींपासून बोटभर जागा सोडू.

"वरून पट्टी मारली का दिसत नाही, साहेब," तो म्हणाला. "आता मे महिना हाय, लाकूड सुकून राह्यलं. पावसाळ्यात फुगते. तुमच्या क्वार्टरचं दार आठवा ना. दर श्रावणात रंधा माराले मीच येत होतो."

मी ऐकलं नाही. तशी सुटी फरशी पायाखाली पोकळ वाजते, हे मी दुकानात चालून पाहिलं होतं. पाहुणे काय म्हणतील? "सगळ्या फळ्या जमिनीला चिकटवा आणि भिंतीला भिडवा," मी हुकूम सोडला. वर "इंजिनीअर तुम्ही की मी?" हेही विचारून घेतलं. त्यानं गोंदाचा डबा उघडला. मग त्यानं काम इतकं नेटकं केलं, की फळी आणि भिंत यांच्यात पोस्टकार्डही गेलं नसतं.

जुलैत झड लागली. आठवडाभरात खोलीच्या मधोमध फरशी वर उचलली गेली, चालताना पाय ठेचकाळू लागला. आणि त्याच रविवारी मोठे साहेब काम पाहायला आले. सुतारही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेबांनी त्या उंचवट्यावर बूट दाबून पाहिला. "ये किसने बिठाया?"

"इसी मिस्त्री ने, साब," मी म्हणालो. "मैंने कहा था, दीवार से जगह छोड़ो. सुनता कहाँ है!"

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. सुतार दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि चपला घालून निघून गेला. चहा घेऊन आलेल्या बायकोनं मे महिन्यातला आमचा वाद शब्दन् शब्द ऐकला होता. तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली. चहा पिताना साहेबांनी विश्रामगृहासाठी दुसरा माणूस बघायला सांगितलं. मी मान हलवली.

तो आता आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी तो करवत-छिन्नी घेऊन आला. मी न बोलावता. भिंतीलगतच्या फळ्या त्यानं कापल्या, उखडलेल्या फळ्या पुन्हा खाली बसवल्या. मी शेजारी घुटमळत होतो.

"मिस्त्री, त्या दिवशी माझं चुकलंच," मी शेवटी म्हणालो.

त्यानं छिन्नी थांबवली नाही. "मले काऊन सांगून राह्यले? मले तं मालूम हाय. साहेबाले सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

मोठ्या साहेबांची बदली त्यानंतर दोन वर्षांनी झाली. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. सह्या घ्यायला मी रोज तिथे जायचो, बसायचो, चहा प्यायचो. विश्रामगृहाचं काम दुसऱ्या सुतारानं केलं आणि त्याची पाहणी करायला मलाच पाठवलं. मी गेलो आणि काम उत्तम झाल्याचं लिहून दिलं. साहेबांना मात्र सांगितलं नाही.