दाखल्यावरचं नाव

आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार आहे. वखारीचे मालक शेजारच्याच दुमजली घरात राहतात. मी पारोळ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन जळगावात येऊन राहिले, त्याच वर्षी त्यांच्या वरच्या मजल्यावर अफगाणिस्तानातून आलेलं एक कुटुंब भाड्यानं आलं. आई, विद्यापीठात एम.एस्सी. करणारा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी. वडील नव्हते. त्यांचं काय झालं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

एका दुपारी वखारवाल्यांच्या घरच्या भाभी त्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मी गणित आणि विज्ञान शिकवायचे, हे त्यांना माहीत होतं. तिकडे मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा ही आठवी झालेली होती. त्यानंतर दोन वर्षं घरात बसून. इथल्या एखाद्या शाळेत तिची सोय होईल का, एवढंच भाभींना विचारायचं होतं. मुलगी तोवर माझ्या कपाटातली पुस्तकं उभ्यानं बघत होती.

मी तिला ओळखीच्या एका मुख्याध्यापकांकडे नेलं. त्यांनी चहा मागवला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तिच्याकडे मोबाइलमध्ये आठवीच्या प्रगतिपत्रकाचा फोटो होता, तोही तिच्या भाषेतला. त्यांनी तो मोठा करून नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"बाई, वर्गात बसू द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण दहावीच्या फॉर्मला मी काय जोडू?"

त्यांचं चुकत नव्हतं. मीही तीस वर्षं असेच कागद मागत आले होते.

मार्ग तिच्या भावानं शोधला. त्या कुटुंबानं दुसऱ्या देशात वसण्यासाठी अर्ज केलेला होता. कोणता देश घेईल, कधी घेईल, काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्याला बहिणीसाठी कुठल्याही देशात चालेल असंच प्रमाणपत्र हवं होतं. निर्वासित मुलांना ऑनलाइन शिकवणारी एक संस्था त्याला सापडली. ती मुलांना एका परदेशी बोर्डाच्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसवायची. अट एकच, मुलगी जिथं राहते तिथला एक शिक्षक जबाबदार म्हणून हवा. मी सही केली. फार विचार करून केली असं नाही. सकाळी दहानंतर मला काही काम नसायचं.

ती रोज दहाला यायची. आमचं बोलणं हिंदीतच व्हायचं. तिची हिंदी सिनेमातली आणि माझी खानदेशी. ती मला 'उस्ताद' म्हणायची. त्यांच्याकडे शिक्षकाला तसंच म्हणतात. आमच्याकडे तालमीतल्या पहिलवानाला किंवा गॅरेजवाल्याला म्हणतात, हे मी तिला बरेच दिवस सांगितलं नाही. घाईत असली की ती आकडे तिच्या लिपीत लिहायची. त्यांचा पाच उलट्या पिंपळपानासारखा दिसतो. तोही मला वाचता येऊ लागला.

गणितात तिला फार शिकवावं लागलं नाही. अडलं ते विज्ञानात, आणि अडले मी. त्या बोर्डाच्या पेपरात व्याख्या फारशा विचारत नाहीत. एका विद्यार्थ्यानं प्रयोग केला, त्याचं एक वाचन, म्हणजे मोजून आलेला आकडा, बाकीच्या वाचनांशी जुळत नाही, तर का जुळत नसेल, असे प्रश्न. असला प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. तो सोडून दे, असं मी तिला सांगितलं. तिनं सोडला नाही.

"त्यांनी विचारलंय म्हणजे उत्तर असणार," ती म्हणाली. "पण मी कधी प्रयोगच केला नाही, मग मला कसं कळणार?"

माझी एक जुनी विद्यार्थिनी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिनं प्राचार्यांची परवानगी काढली आणि तीन रविवार आम्ही दोघी एस.टी.नं धुळ्याला गेलो. प्रयोगशाळा सांभाळणारे शिंदखेड्याकडचे एक नाना होते. रविवारी यावं लागलं म्हणून पहिल्या दिवशी ते जरा घुश्शातच होते. भिंगांची पेटी तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले, "हाई बठ्ठं काचनं शे. संभाळीसन धर." तिला शब्द कळले नाहीत, पण तिनं दोन्ही हात लावून पेटी धरली. तिसऱ्या रविवारी नाना स्वतःहून नवीनच उपकरणं काढून देत होते.

त्यातलाच एक प्रयोग लंबकाचा होता. वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं. तिची चार वाचनं जवळपास सारखी आली, पाचवं कमी. मी म्हटलं, घड्याळाचं बटण दाबताना चुकलं असेल. तिनं पुन्हा लंबक सोडला, ओठांतल्या ओठांत मोजलं आणि थांबली.

"मगाशी मी सोडतानाच एक म्हटलं होतं," ती म्हणाली. "शून्य म्हणायला हवं होतं. एकोणीसच झाली."

परतीच्या गाडीत पारोळा येईपर्यंत ती त्यावरच बोलत होती. मी तिला इतकं बोलताना आधी ऐकलं नव्हतं.

परीक्षेचा फॉर्म मी भरला. केंद्र नाशिकला होतं. तिच्या निर्वासित ओळखपत्रावर तिचं नाव आणि वडलांचं नाव होतं. भावाच्या पासपोर्टवर आडनावही होतं. आडनावाशिवाय फॉर्म मला अपुरा वाटला, म्हणून पासपोर्टवरचं आडनाव मी जोडलं. कुणाला विचारलं नाही. केंद्राकडून मेल आली तेव्हा दुरुस्तीची मुदत संपली होती. ओळखपत्र आणि फॉर्म यांवरची नावं जुळत नसल्यामुळे या खेपेला बसता येणार नाही, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

मी जिना चढून त्यांच्याकडे गेले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. भावानं ते आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. आईनं माझ्यापुढे चहा ठेवला. मुलगी आतल्या खोलीत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

चार दिवस ती आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. तीस वर्षांत मुलांच्या किती चुका मी लाल शाईनं गोल केल्या असतील, पण माझ्या चुकीमुळे कुणाचं अर्धं वर्ष जायची ही पहिली वेळ. निदान मला कळलेली पहिली. पाचव्या दिवशी दहा वाजता ती वही घेऊन दारात उभी होती.

"मी रागावले होते," ती म्हणाली. "थोडी अजून आहे. पण त्रिकोणमिती अर्धी राहिलीये."

सहा महिन्यांत तिनं जुने पेपर सोडवून संपवले. भाभींच्या नववीतल्या मुलीला भूमिती शिकवली. पुढचा फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. एकेक अक्षर ती वाचायची आणि मी ओळखपत्रावर बोट ठेवायचे. नाशिकला तिची आईही आमच्याबरोबर आली. केंद्रावरच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं, यादी पाहिली आणि तिला आत सोडलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी पिशवीतून बदाम काढून माझ्या हातावर ठेवले.

निकाल गणित आणि भौतिकशास्त्रात वरच्या श्रेणीचा लागला, जीवशास्त्रात मधला. इंग्रजीत जेमतेम पास. तिला इंग्रजीचं वाईट वाटलं. माझं इंग्रजीही तेवढंच होतं.

पुढच्या वर्षी कॅनडानं आई आणि मुलीचा अर्ज मंजूर केला. भाऊ शिक्षण पुरं करायला इथंच राहिला. जायच्या दिवशी ती प्रमाणपत्राची एक झेरॉक्स मला देऊन गेली. ती माझ्याकडे कशाला, असं मी विचारलं. एक प्रत दुसऱ्या घरी असावी, असं आई म्हणते, एवढंच तिनं सांगितलं.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. तिथल्या कॉलेजनं गणित आणि भौतिकशास्त्र जसंच्या तसं धरलं होतं. इंग्रजीचा मात्र वर्षभराचा वेगळा वर्ग घ्यायला लावला होता, आणि त्याच वर्गात तिची आईही शेजारच्या बाकावर बसत होती. आईचा गृहपाठ तिच्याआधी होतो, असं ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.