दाणी काका आणि शनिवारचं वजन

दाणी काका उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवत. आत माणूस कधीच नसे. ओळीने मांडलेले पिंजरे, त्यांत पांढरे उंदीर, आणि खोलीची एकुलती एक किल्ली काकांच्याच खिशात. तरी ते दोनदा टकटक करत, जरा थांबत आणि "आलो रे पोट्टेहो" म्हणत कुलूप काढत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला हसू आवरेना. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "एकदम लाइट लावला का हे दचकतेत मॅडम," ते म्हणाले. "दचकलेल्या जीवाचं रक्त घेऊन तुम्ही काय तपासाल?" त्यांचं बरोबर होतं.

रायपूरच्या ज्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते, तिथलं ॲनिमल हाउस काका सांभाळत. राहायला बूढापाऱ्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. "आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेसंगं घोड्यावर बसून इकडे आले, मी स्कूटरवर अडकलो," असं ते नव्या माणसाला सांगत आणि स्वतःच हसत. पोट चांगलं सुटलेलं होतं. पट्टा पोटाच्या वर बांधावा की खाली, हा त्यांचा रोजचा प्रश्न असे. सकाळी अकराला समोसा, चारला जिलेबी, आणि डब्यात तुपात भिजलेल्या पोळ्या. त्यातली एक ते मला देत. नको म्हटलं तर म्हणत, "वाळून काडी झाली आहे पोट्टी. डॉक्टरी काय उपाशीपोटी करायची असते?" लोकांसमोर मी मॅडम, एकटी असले की पोट्टी, असा त्यांचा साधा नियम होता.

माझा विषय सांगायला सोपा होता. उंदरांना तुपाळ, गोड खाऊ घालून लठ्ठ करायचं, मग त्यातल्या निम्म्यांना रोज पळवायचं आणि अंगातली चरबी व रक्तातली चरबी यांचं काय होतं ते बघायचं. खाणं मात्र शेवटपर्यंत तेच ठेवायचं. वनस्पती तूप, साखर, दूध पावडर आणि कणीक मळून काका त्याचे गोळे वळत. ते इतक्या निगुतीने वळत की एकदा आमच्या सरांनी प्रसादाचे लाडू समजून एक उचलला होता.

कागदावर माझे गट अ, ब आणि क होते. काकांना ते पटेना. नुसतं दाणापाणी खाणाऱ्या पहिल्या गटाचं नाव त्यांनी 'मास्तर' ठेवलं. तुपाळ खाऊन पसरलेल्या दुसऱ्या गटाला ते 'सदर बाजारचे शेठ' म्हणत, कारण तेही गादीवरून हलत नसत. आणि शेठांचंच खाऊन रोज तासभर पळणारे ते 'पोस्टमन'. महिनाभरात मीसुद्धा वहीच्या समासात शेठ आणि पोस्टमन असंच लिहायला लागले.

पळवायचं यंत्र विकत घेण्याची आमच्या विभागाची ऐपत नव्हती. काकांचा मेहुणा सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर होता. त्याने दोन रविवार खपून फिरता पट्टा बनवून दिला. परदेशी यंत्रांत असते तशी, पळायचा थांबला की उंदराला हलका शॉक देणारी तारही त्याने मागच्या बाजूला बसवली होती. काकांनी पहिल्याच दिवशी पक्कड आणून ती उपटून काढली. मी चिडले. ते म्हणाले, "भीतीनं पळाला तर त्याले व्यायाम म्हणतेत का मॅडम?" मग ते स्वतः पट्ट्याशेजारी स्टुलावर बसायला लागले. थांबलेल्या उंदराच्या पाठीला दाढीच्या मऊ ब्रशने नुसता स्पर्श करत आणि त्याच्याशी बोलत. तीन आठवड्यांत सगळे पोस्टमन पळायला लागले. मी घड्याळाकडे बघत पाय आपटत असले की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "घाई करू नका मॅडम. उंदराले घड्याळ समजत नाही."

दर शनिवारी वजनं व्हायची. काका एकेकाला तळहातावर घेऊन काट्यावर ठेवत, आकडा मोठ्याने सांगत, मी लिहून घेई. मास्तर हलके, शेठ जड, हे ठीकच होतं. पण पोस्टमनही जवळजवळ शेठांइतकेच भरत. एक शनिवार, दोन शनिवार, मग सगळेच शनिवार तसे जाऊ लागले. माझा चेहरा उतरे. काका मात्र पोस्टमनांच्या पिंजऱ्याजवळ रेंगाळत. "वजनाचं राहू द्या. यायचे केस पाहा कसे चमकून राहिले. शेठ लोक कोपऱ्यात ढीग करून झोपतेत, आन् हे जाळीवर चढून माही वाट पाहतेत."

आणि एका सोमवारी ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले. खाकी पँटखाली ते बूट बघून सगळा विभाग हसला. काका रोज पहाटे बूढा तलावाला चार चकरा मारायला लागले होते. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाले, "पोस्टमनची नोकरी धरली." समोसा आणि जिलेबी चालूच होती. "प्रयोग म्हणजे प्रयोग," ते म्हणत, "खाणं बदलायचं नाही."

ज्या दिवशी उंदरांना भूल देऊन त्यांची पोटं उघडायची होती, त्या दिवशी काकांनी रजा टाकली. ते दर प्रयोगाच्या शेवटी तेच करत, हे मला सरांनी आधीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येक पिंजऱ्यात हात घालून एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दार वाजवून जाजो पोट्टी." मी वाजवलं.

त्या दिवशी आम्ही जे पाहिलं ते काकांनी पाहिलं नाही. शेठांच्या पोटात आतड्यांभोवती चरबीची जाड गादी होती. पोस्टमनांच्या पोटात तिचा पातळ थर. रक्त तपासलं तर तिथेही तसंच निघालं. पोस्टमनांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बरेच खाली आलेले, चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल वर चढलेलं. खाणं तेच, वजनही जवळपास तेच, कारण चरबी गेली त्या जागी मांस भरलं होतं. काट्याला ते दिसलं नव्हतं इतकंच. सर म्हणाले, हाच तुझा प्रबंध. आनंदाच्या भरात मी त्या रात्री जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले, रिकामे पिंजरे धुतले, उन्हात वाळत घातले. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना काय त्याचं.

पुढचे दोन-तीन आठवडे मी लिहीत होते. प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर होती, जेवणाची शुद्ध नव्हती. एका दुपारी काका दारात उभे राहिले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी टकटक केलं.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा." मी मान वर केली नाही.

"तीन महिने झाले, रोज तलावाच्या चकरा मारून राहिलो. आज काट्यावर उभा राहिलो, तर वजन जागचं हललं नाही. काहून?"

"काका, वजन उतरत नाही म्हणजे उपयोग होत नाहीये. आधी ती जिलेबी बंद करा. नुसतं चालून काही होत नसतं."

"म्हणजे पोस्टमनसारखंच झालं माह्यं," ते म्हणाले.

मी "हं" म्हणाले.

"हव," काका म्हणाले आणि गेले.

माझ्यासमोर संगणकावर त्या क्षणी कोणतं पान उघडं होतं, ते मला आजही लख्ख आठवतं. पोस्टमनांचा तक्ता होता. वजनात फरक नाही, चरबीत आहे, रक्तात आहे, असं मी त्याच्याखाली चांगल्या इंग्रजीत लिहीत होते. मला त्याची लाज वाटते. चूक अज्ञानाने होते तेव्हा माणूस स्वतःला माफ तरी करतो. मला तर साऱ्या रायपुरात त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर ते बूट मी पाहिले नाहीत. आठवडाभराने काका पुन्हा जुन्या चपलांत आले. मी विचारलंही नाही. प्रबंध झाला, मला तिथेच शिकवायची नोकरी लागली. आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव घातलं आणि एक प्रत त्यांना दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. स्वतःच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आन् बाकी एवढ्या पानांत काय निघालं मॅडम?" मी म्हणाले, "बरंच काही निघालं काका, सांगेन निवांत." मग ते निवृत्त झाले. मधूनमधून बूढापाऱ्याच्या गल्लीत स्कूटरवर दिसत, हात वर करत. पोट आणखी सुटलं होतं. मी गाडीतून हात हलवून पुढे जाई.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "दीदी, पापा नहीं रहे." दाढी करता करता छातीला हात लावून खाली बसले, ते बसलेच.

चालत राहिले असते तर ते वाचले असते, असं मी कोणत्याही वर्गात म्हणणार नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मीच पोरांना शिकवते. पण त्या दिवशी कॉलेजात गेल्यावर मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. रक्त तपासायचं नवं किट आलं की हात बसावा म्हणून आम्ही आधी आपल्यापैकी कुणाचं तरी रक्त तपासून बघायचो. बाकीचे काहीबाही कारण सांगून सटकत. काका उपाशीपोटी येत, बाही वर करून बसत आणि सुई निघाली की विचारत, "आता चहा पिऊ का?" रजिस्टरात त्यांच्या दोन नोंदी सापडल्या, दोन्ही माझ्याच अक्षरात. पहिली प्रयोग सुरू होण्याआधीची. दुसरी ते दारात उभे राहिले त्याच आठवड्यातली. दुसऱ्या वेळी ट्रायग्लिसराइड पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली होते. शेजारी मी लिहिलं होतं, 'किट ठीक.'

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला आणि आतून फडक्यात बांधलेला माझा प्रबंध आणला. "रोज पुसत होते," त्या म्हणाल्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याले आपलं नाव दाखवत होते. बाकी काय लिवलं आहे ते त्यायले नाही समजलं, मलेही नाही. तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं. आभाराचं पान उलटून तो तक्ता काढला आणि सोप्या मराठीत सांगितलं, जसं तेव्हा दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पळणाऱ्या उंदरांचं वजन उतरलं नाही, पण पोटातली चरबी गेली, रक्त सुधारलं. काट्यावर ते दिसत नाही. पळणं थांबवायचं नसतं. रजिस्टरातल्या दोन नोंदींचंही सांगितलं.

काकूंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. कोपऱ्यातल्या चपलांच्या मांडणीवर, सगळ्यात वरच्या फळीवर, ते कॅनव्हासचे बूट होते. अजून पांढरेच होते.

"म्हणजे ते चालून राहिले होते, ते बरोबर होतं?"

"हो."

"मंग त्यायले सांगतलं काहून नाही?"

खोटं बोलायला जागा पुष्कळ होती. मी म्हणाले, "मी घाईत होते काकू."

"हव," काकू म्हणाल्या. त्यांनी प्रबंध मिटला, पदराने वरून एकदा पुसला आणि पुन्हा फडक्यात बांधायला घेतला.