शेवगा आणि जळकं ऑइल

हे सांगायचं मी तीस वर्षं टाळलं. काल स्कूटर दुरुस्तीला नेली होती. तिथला मेकॅनिक जळकं ऑइल नरसाळ्यानं पिंपात ओतत होता. पिंप भरलं की ते शुद्ध करायला पाठवतात म्हणे. एक थेंब सांडला, तोही त्यानं फडक्यानं टिपला. दूधसुद्धा कोणी इतकं जपून ओतत नाही.

माझं गॅरेज होतं तेव्हा असलं ऑइल मी मागच्या भिंतीशी खड्ड्यात ओतायचो. डोळ्यांआड झालं की संपलं, असं वाटायचं. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा शेवगा होता, तो वाळला. काकूंनी सुनेला धरलं. "विमल, गरम पेज तूच ओततेस ना मुळाशी?" मग मला विचारलं, "भाऊ, तुम्हीच सांगा, पेजेनं झाड मरतं की नाही?"

तेलकट हात पुसत मी म्हणालो, "मरतं."

विमल आत गेली.

काल परतताना ती बाजारात भेटली. आता ती स्वतः सासू आहे. आज सांगायचंच, असं ठरवून मी थांबलो. ती हसून म्हणाली, "भाऊ, मी अजून पेज गार करूनच टाकते. एक झाड मारलंय ना मी."

माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "चांगली सवय आहे."