नापासकाकांचा दुसरा सीझन

बुटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला एक उंच स्टूल आहे. त्यावर बसणाऱ्या माणसाचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं, एरवी सगळे त्यांना नापासकाका म्हणतात. तयार झालेला प्रत्येक जोड त्यांच्यासमोर येतो. काका डोळे मिटतात, बुटात हात घालतात आणि आतली शिवण बोटांनी चाचपत जातात. टाका टोचला, अस्तर दुमडलेलं लागलं, की डोळे उघडायचे, बुटाच्या तळावर खडूची फुली मारायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "नापास." हाताला काहीच लागलं नाही तर बूट गुपचूप पुढे सरकवायचा. चांगली शिवण म्हणजे जी आहे हे बोटांना कळतच नाही ती, असं त्यांचं म्हणणं. एकदा शिवणविभागात नवीन आलेल्या बाईने धीर करून विचारलं होतं, "काका, म्हणजे माझा जोड पास ना?" काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "नापास म्हणालो का मी?" ती बिचारी दिवसभर चेहरा पाडून बसली. जुन्या बायकांनी मग तिला समजावलं, की बाई गं, याहून मोठं कौतुक इथे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

ही खोड कारखान्याच्या फाटकाशी थांबली असती तर बरं झालं असतं, पण माणूस हात काही कारखान्यात ठेवून घरी येत नाही. शेजाऱ्यांनी हौसेने दाखवलेल्या नव्या कपाटाचा खण काकांनी ओढून बघितला आणि "अडकतोय" म्हणाले. बायको घरी पडदे शिवते, तर तिच्या दुमडपट्टीवर रोज एक नजर. लेक शाळेत असताना वर्गासमोर गोष्ट सांगून आली आणि उड्या मारत विचारू लागली, "बाबा, कशी झाली?" काका म्हणाले, "आवाज बारीक आहे तुझा. मागच्या बाकापर्यंत पोचला नाही." खरं तेच बोलले होते. बोलून विसरूनही गेले. लेक विसरली नाही. पुढे मोठी होऊन तिने आवाजाचंच काम धरलं, पडद्यावरच्या पात्रांना आवाज द्यायचं, ते हौसेने की जिद्दीने, हे तिचं तिला ठाऊक.

आता कुणी म्हणेल, काय बाप आहे की कोण आहे. पण याच बापाने लेकीचा पाय मोडला तेव्हा तिला पाठीवर घेऊन जिने चढउतार केले होते, आणि प्लास्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून एक जपानी कार्टून मालिका बघितली होती. आपल्या भाषेत बोलणारी. 'ढगाखालचं दुकान' तिचं नाव. एक आळशी जादूगार मोडक्या वस्तू दुरुस्त करतो, आणि त्याच्या चुलीशी एक ड्रॅगन असतो जो आगीलाच घाबरतो. गिऱ्हाईक म्हणून कुणी रडणारी छत्री आणतं, कुणी रुसलेलं घड्याळ. बस, एवढंच. काका सुरुवातीला फक्त जादूगाराच्या बुटांसाठी बघत होते. त्याच्या डाव्या बुटाचं बक्कल कधी आतल्या बाजूला, कधी बाहेरच्या. दर वेळी काका ओरडायचे, "नापास!" आणि लेक प्लास्टरवर हात आपटून हसायची. पण त्या घाबरट ड्रॅगनवर मात्र त्यांचा जीव जडला होता. 'ढगाखालचं दुकान' ही त्या घरात बाप-लेकीची खासगी मालमत्ता होती.

म्हणून त्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा काका खुर्चीत सावरून बसले.

"बाबा, आपल्या दुकानाचा दुसरा सीझन आलाय. सगळे भाग एकदम. आणि त्यात मी आहे."

"तू? कोण झालीयेस?"

"ते नाही सांगणार. सगळा बघा आणि रविवारी मी जेवायला येईन तेव्हा खरं काय ते सांगा." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला विमा कंपनीत नोकरी मिळतेय, कायमची. सोमवारी हो की नाही सांगायचंय. तिसऱ्या सीझनसाठीही विचारलंय मला, पण दोन्ही जमणार नाही. तुम्ही नापास म्हणालात तर मी नोकरी धरते."

"अगं, माझ्यावर कशाला टाकतेस हे?"

"आई मला छानच म्हणणार. मैत्रिणी छानच म्हणतात. तुम्ही आजवर मला एकदाही उगाच छान म्हणालेला नाहीत."

फोन ठेवल्यावर काकांना थोडा अभिमान वाटला. तोंड धुऊन येईपर्यंत त्या अभिमानाचं ओझं झालं होतं.

संध्याकाळी काका टीव्हीसमोर बसले. बायको नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ करून खिडकीशी पडदे शिवत होती. तिला चित्रं बघायला फुरसत नव्हती, कान तेवढे मोकळे होते.

पहिल्याच भागात काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुकान बंद! दाराला कुलूप लावून जादूगार निघाला राजवाड्यात, जादूगारांच्या स्पर्धेला. तिथे नवी पात्रं किती आली म्हणता! एकाची ओळख पटेपर्यंत दुसरं दारात उभं. विनोद झाला की कुणीतरी तो समजावून सांगायचं. प्रत्येक भाग संपताना कुणीतरी कड्यावरून लोंबकळायचं, म्हणजे आपण पुढचा भाग लावावा. आणि ड्रॅगन! तो आता छाती काढून आगीचे लोळ सोडत होता. काकांना फार वाईट वाटलं.

"त्याची भीतीच काढून घेतली," ते बायकोला म्हणाले. "मग त्याचं राहिलं काय?"

"बूट कसे आहेत?" बायकोने मशीन न थांबवता विचारलं.

काकांनी पुढे वाकून बघितलं. बक्कल दोन्ही बुटांना बाहेरच्या बाजूला. प्रत्येक चित्रात. "बूट सुधारले," ते कष्टी होऊन म्हणाले. "चाल बिघडली."

दुसऱ्या दिवशी ती परी आली. राजवाड्यातली, जादूगाराच्या कानाशी भिरभिरणारी, सदा बडबडणारी. आवाज बारीक, टोकदार, आणि वाक्य संपता संपता असा चिरकायचा की काकांनी रिमोट उचलून आवाज कमी केला. मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला. बारीक आवाज. मागच्या बाकापर्यंत न पोचणारा. अरे देवा, हीच.

मग तो आठवडा काकांना कसा गेला, ते त्यांनाच माहीत. परी बोलायला लागली की काका खुर्चीत पुढे सरकायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, जसे बुटात हात घालायचे तसे, आणि प्रत्येक वाक्यात काही ना काही टोचायचंच. इथे शब्द गिळला, इथे हसू वरून चिकटवल्यासारखं. कुठेतरी एखादं वाक्य बरं निघावं म्हणून त्यांनी काही भाग पुन्हा पाहिले. नाही निघालं. कारखान्यातही हात शिवणीवर आणि कान परीकडे अशी गत झाली, आणि काकांनी पुढे सरकवलेला एक बूट सुपरवायझर परत घेऊन आला. टाचेत खिळा वर आला होता. सुपरवायझर रागावला नाही, त्याने फक्त विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" ते त्यांना रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

एक भाग मात्र वेगळा निघाला. जादूगार स्पर्धेची फेरी हरतो आणि तोंड लपवून तळ्यापलीकडे जायला निघतो. तळ्यावर होडी नाही, एक म्हातारी कासवी लोकांना पाठीवर बसवून पलीकडे सोडते. भागभर दुसरं काही घडत नाही. ती पाण्यातून संथ सरकते, हा वर बसून कुरकुरतो. "लवकर ने ना," म्हणतो. आणि कासवी जाड, खरबरीत, पानाच्या देठासारख्या चिवट आवाजात म्हणते, "बस रे बाळा गप. पोचायची घाई ज्याला, त्यानं पोहत जावं." काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग तळ्याच्या मध्यावर जादूगार हळूच विचारतो, "हरल्यावर घरी कसं जायचं?" आणि ती म्हणते, "जसं निघालास तसंच. दार तेच असतं." काकांनी चष्मा पुन्हा काढला. या वेळी हसू आलं नव्हतं. बुटांची बक्कलं बघायचीही राहून गेली.

"ही कोण बाई असेल गं?" ते म्हणाले. "वय झालेलं दिसतंय, पण काय बोलते!"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की शिवणमशीन बराच वेळ थांबलेलं आहे. बायको पाठमोरीच होती. पडद्याचं कापड मांडीवर धरून ती नुसती बसली होती.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली, आणि उगाचच दोरा ओवायला लागली.

रविवारी लेक आली. जेवण झालं. काकांनी भांडी विसळली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, बसा आता."

काका बसले आणि लांबून सुरुवात केली. दुकान बंद करायला नको होतं. स्पर्धा कशाला आणली? पात्रांची गर्दी. ड्रॅगनवर तर अन्यायच झाला. "पहिल्या सीझनला कसं, काही घडायचं नाही आणि आपण बघत बसायचो. याला सारखं काहीतरी घडवायचंय. एक तेवढा कासवीचा भाग. तो बनवणाऱ्याला पहिला सीझन समजला होता." बोलताना त्यांना मोकळं वाटत होतं, कारण खरं बोलणं त्यांना सोपं जायचं. आतापर्यंत.

"आणि आवाज?" लेकीने विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. तशी आठवडाभर तयारीही केली होती, 'बरी होतीस' एवढंच म्हणायचं होतं. पण ही मुलगी 'छान' ऐकायला आली नव्हती.

"परी नापास," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नसता. "चिरकतेस गं. शब्द गिळतेस. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, कुठे बरं सापडतंय का बघितलं. तू नोकरी घे. तू काही का करेनास, मला तू..." त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"परी?" लेक म्हणाली. "बाबा, परी मी नाहीये."

काकांनी डोळे पुसले. "मग? अगं, मी सगळं डोळे मिटून ऐकलंय. शेवटची पाटी जाईपर्यंत. मला तू दुसरीकडे कुठेच हाताला लागली नाहीस."

लेक खुर्चीत जरा मागे रेलली. तिने हनुवटी छातीकडे ओढली, मान आत घेतली आणि जाड, खरबरीत, चिवट आवाजात म्हणाली, "बस रे बाळा गप."

खिडकीशी बायकोने तोंडाला पदर लावला. "पहिल्या शब्दाला ओळखलं होतं मी," ती म्हणाली. "पण हिने फोनवर मलाही सांगितलेलं ना, की बाबांनीच ठरवायचं."

काकांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात टेबलावर होता, आणि बोटं आपोआप पुढे सरकत होती, शिवण शोधत असल्यासारखी. लेक वाट बघत होती. शाळेतून उड्या मारत आली होती, तेव्हा बघत होती तशीच.

"बाबा," तिने हळूच विचारलं. "म्हणजे पास ना?"

काकांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याकडे बघून ते वाक्य म्हटलं.

"नापास म्हणालो का मी?"

लेक त्यांच्याच घरात वाढलेली होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.