उपरण्याखालची बोटं

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात सूर्यभान दलालाने तोंडाने कधी भाव सांगितला नाही. तोंड त्याने गावाची टिंगल करण्यासाठी राखून ठेवलं होतं. भाव ठरायचा उपरण्याखाली. घेणाऱ्याने सूर्यभानचा उजवा हात हातात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबायची. अंगठ्याशेजारचं बोट म्हणजे शंभर वाढवले, मधलं म्हणजे पन्नास. मग सूर्यभान तोच निरोप विकणाऱ्याच्या हातात पोचवायचा. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. "माझ्या बोटांला डोळं हायेत," असं तो सांगायचा. न विचारताही सांगायचा.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात घात झाला, तोही सोडावॉटरने. गोळीची बाटली उघडायला त्याने अंगठा लावला, तर बाटलीच फुटली आणि काच मनगटात शिरली. मारक्या बैलाला वेसणीने नमवणारा गडी सोड्यापायी आडवा झाला. रक्त थांबलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर उजगऱ्यांनी मनगट उघडून आत टाके घातले. "शीर तुटली होती," ते म्हणाले.

"पन रगत तर तवाच थांबलं की," सूर्यभानने त्यांनाच पेचात धरलं.

त्याचाही दोष नव्हता. आपल्याकडे रक्त वाहते ती शीर, आखडते ती शीर आणि रागाने उठते तीही शीरच. डॉक्टर हसले. "ही निरोपाची शीर, सूर्यभानराव. हिच्यात बारीक तंतूंचा जुडगा असतो. एकेक तंतू म्हणजे एकेका पेशीचा लांबलचक हात. पेशी मानेच्या मणक्याशी बसलेली आणि हात बोटापर्यंत. तुटल्यावर खालचा तुकडा मरतो, पण वरून नवा शेंडा फुटतो. काकडीच्या वेलासारखा चाचपत पुढे सरकतो. दिवसाला फार तर साखरेच्या दाण्याएवढा."

"आन बोटातला निरोप डोक्यात जातो कसा?"

"तंतूतून विजेसारखा धावतो. पण एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते, मध्ये फट असते. तिथे पहिली पेशी औषधाच्या थेंबासारखं काहीतरी सोडते, ते पलीकडे पोचलं की दुसरी जागी होते."

सूर्यभानची कळी खुलली. "मंजी थितंबी मधी दलाल हाय!"

"आहे. पण तो दलाली घेत नाही."

हा टोला सोडून बाकी सगळं सूर्यभानने गावभर सांगितलं.

दिवाळीनंतर बोटांत मुंग्या येऊ लागल्या, पुढे स्पर्शही कळू लागला. तेव्हा धीर किती धरायचा! पहिल्याच बाजारी स्वारी पटका बांधून हजर. गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याला खिलारी बैल हवा होता. त्याने उपरण्याखाली मधलं बोट दाबलं. सूर्यभानला कळलं ते अंगठ्याशेजारचं. त्याने पन्नासाऐवजी शंभराचा निरोप पोचवला, विकणाऱ्याने आनंदाने कासरा गहिनीनाथच्या हातात दिला आणि मग आकडा उघडा पडला. गहिनीनाथ असा कडाडला की बैल बिचकला. गोरक्ष, दुसरा दलाल, टपलेलाच होता. "सूर्यभान, बोटांला चष्मा लाव!" सगळा बाजार हसला. आयुष्यभर दुसऱ्यांना हसलेला माणूस त्या दिवशी खाली मान घालून घरी गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं. हात गेला तर या माणसाजवळ दुसरं काय होतं?

पुन्हा नगर. या वेळी बायको बनुबाईही बरोबर गेली. डॉक्टर म्हणाले, "बाळ आईच्या पोटात असताना तंतूंना वाट दाखवणाऱ्या खुणा असतात, ते बरोबर घरी पोचतात. या वयात काही तंतू शेजारच्या घरात शिरले. आता ते निघायचे नाहीत. डोक्यालाच नवे पत्ते शिकवायचे. कुणीतरी रोज बोट दाबायचं. आधी बघून ओळखायचं, मग डोळे मिटून."

"कोन दाबनार?" सूर्यभानने विचारलं.

"कोन मंजी? मी काय मेले का?" बनुबाई म्हणाली.

रोज संध्याकाळी, भाकऱ्या झाल्या की, शिकवणी सुरू. वीस वर्षांच्या संसारात ज्यांनी चारचौघांत एकमेकांकडे नीट बघितलं नव्हतं, ते आता ओट्यावर हातात हात घालून बसू लागले. माझं घर समोरच, त्यामुळे मला बघावंच लागायचं. गल्लीतल्या बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. बनुबाई कडक मास्तरीण. "ह्ये कंचं?" "मधलं." "डोळं उघडा आन बगा, गाडवाला कळंल!" तो उघडायचा, बघायचा, पुन्हा मिटायचा. चुकला की ती त्याच्या हातावर चापट मारायची आणि चापट मारलेली जागा चोळायचीही.

पुढच्या उन्हाळ्यात तो परत बाजारात उतरला. समोर नेमका गहिनीनाथच आला, खोडी काढायला. उपरणं पडलं. सूर्यभानने डोळे मिटले. त्याने विकणाऱ्याचा हात धरला, निरोप दिला आणि सौदा झाला. आकडे उघडे झाले तेव्हा गहिनीनाथ म्हणाला, "बराबर हाय गड्या." गोरक्षाने तंबाखू मळायला घेतली.

सूर्यभान जवळजवळ पळतच घरी आला. बनुबाईला बातमी आधीच लागली होती. तरी ती भाकऱ्या आटोपून ओट्यावर आली आणि सवयीने तिने हात पुढे केला. मग तिच्याच ध्यानात आलं आणि ती तो मागे घेऊ लागली.

सूर्यभानने झटकन आपला हात तिच्या हातात दिला आणि डोळे मिटले. तिने मधलं बोट दाबलं.

"अंगठा," तो म्हणाला.

बनुबाईने त्याचा हात सोडला नाही. "लई चुकतंय अजून," ती म्हणाली. "वरीसभर तरी बसावं लागंल."