श्वास घेणारा मुडदा

"मेलेल्या माणसाचं पोट हलतं का रे कधी?" असं मी कंडक्टरवर खेकसलो, तेव्हा काउंटरपाशी एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभी आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मुरुडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी त्याच गाळ्यात माझी व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेटी गेल्या, मग सीड्या आल्या, त्याही गेल्या. पण रविवारी दुपारी जेवणं आटपली की आम्ही तिघं अजून तिथे बसतो. मी, एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टर आणि लग्नाची शूटिंग करणारा एकजण. विषय एकच, जुने खुनाचे सिनेमे. जे कुठे लागले नाहीत, लागले ते पडले, आणि आमच्यासारख्या चार रिकामटेकड्यांनी ज्यांना डोक्यावर घेतलं, ते तर आम्हाला तोंडपाठ.

आमची एक रीत आहे. सिनेमा बघताना कुणाला चूक दिसली किंवा खुन्याचा धागा सापडला की त्यानं ओरडायचं, "मागे घे!" आणि रिमोट माझ्या हातात असतो म्हणून मी टेप मागे घ्यायची. घड्याळ कुठल्या हातात होतं? दाराची कडी आतून होती की बाहेरून? मागे घे. दोन तासांचा सिनेमा आम्हाला चार तास पुरतो. घरच्यांनी आमचा नाद केव्हाच सोडलाय.

त्या सगळ्यांत आमचा लाडका एक सिनेमा आहे. नाव लिहीत नाही, लिहून कुणाला कळणारही नाही. मुंबईच्या कुणी हौशी मंडळींनी तो श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर काढला होता. त्यात सकाळी एक प्रेत वाळूवर लागतं, गाव जमतं, पोलीस येतात. आणि सगळं गंभीर चाललेलं असताना त्या प्रेताचं पोट चक्क वरखाली होतं! पंचवीसएक वर्षं आम्ही त्यावर खिदळत आलोय. भांडतही आलोय. माझं म्हणणं, निव्वळ गलथानपणा. कंडक्टरचं म्हणणं, तो मुद्दाम ठेवलेला धागा आहे, तो माणूस मेलेलाच नाही, सगळ्या भानगडीमागे तोच आहे.

त्या दिवशीही तेच. मी उठून उभा राहिलो, गाल फुगवले आणि पोट आत-बाहेर करून मुडद्याची नक्कल केली. कंडक्टर टाळी देऊन हसला. शूटिंगवाला डोळे पुसायला लागला.

"किनाऱ्यावर पालथा हाय का उताणा?" त्या बाईने विचारलं.

"उताणा," मी म्हणालो. "गळ्यात काळा दोरा, चौकडीची लुंगी."

"तो माझा बापूस."

माझं फुगवलेलं पोट कुठे ठेवावं ते मला कळेना. लाज म्हणजे काय ते साठीला आल्यावर त्या दिवशी कळलं, खोटं नाही सांगत.

ती मुरुडला दिलेली. सुकी मासळी विकते, माहेर श्रीवर्धनकडचं. बाप किनाऱ्यावर सिनेमातला उताणा मुडदा झाला होता, गळ्यात काळा दोरा, अंगावर त्याचीच चौकडीची लुंगी, एवढंच तिला मावशीकडून कळलेलं. कुठला सिनेमा, कुणाला माहीत? शूटिंग झालं आणि दोन महिन्यांत त्याची होडी गेली. होडीच्या फळ्या लागल्या, तो लागला नाही. ही तेव्हा आईच्या पोटात. घरात त्याचा एकच फोटो, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं.

"काका, मी त्याला कधी बघितलाच न्हाय," ती म्हणाली. "मला एकदा दाखवाल?"

"आत्ता दाखवतो," मी म्हणून बसलो. मला आधी बोलायची घाई फार.

कॅसेट माळ्यावर होती. काढली तर आतल्या टेपला पांढरी बुरशी. समुद्राची हवा, दुसरं काय होणार! दहा वर्षं मी तिला हात लावला नव्हता, सिनेमा पाठच होता ना. जगात याची दुसरी प्रत नाही, हे मी इतकी वर्षं फुशारकीने सांगत आलो होतो. 

शूटिंगवाल्याने कॅसेट उजेडाकडे धरली आणि मान हलवली. "एकदा चालेल," तो म्हणाला. "एकदाच. मी वायर लावून लॅपटॉपवर उतरवून घेतो. पण थांबवायची नाही, मागे घ्यायची नाही. बुरशीची टेप उलटी ओढली की संपलंच."

आठवडाभर मी रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर टेप हाताने फिरवत, स्पिरिटच्या फडक्याने वीतभर वीतभर पुसत होतो. बायको म्हणाली, लग्नात माझी साडी एवढ्या निगुतीने धरली नव्हतीत. ती मुलगी रोज बाजारातून परतताना दाराशी यायची, आत यायची नाही. "हाय ना काका?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, "आहे बाय, आहे." आणि ती गेली की मला घाम फुटायचा.

रविवार आला. ती मोकळी पाटी बाहेर ठेवून आत आली, खुर्ची देऊनही खाली फरशीवर बसली, टीव्हीपासून हातभर अंतरावर. शूटिंगवाल्याने वायरी जोडल्या. कंडक्टरला मी बजावलं, "तोंड बंद." त्याने कानाची पाळी धरली. मी बटण दाबलं.

चित्र आलं. मुंग्या होत्या, रेघा होत्या, पण आलं! आमच्या चौघांच्याही घशातून एकदमच सुस्कारा निघाला. प्रेत येतं ते मध्यंतराच्या थोडं आधी, म्हणजे पाऊण तास काढायचा होता. एरवी या पाऊण तासात आम्ही वीस वेळा ओरडतो. त्या दिवशी पंख्याचाच काय तो आवाज. मध्येच चित्र हलायचं आणि मी खुर्चीचा दांडा घट्ट धरायचो. ती वळून माझ्याकडे बघायची. मी उगाच मान डोलवायचो, जसं काही मला फार समजतंय.

मग चहाच्या टपरीचा प्रसंग आला. त्यानंतर लगेच किनारा. टपरीवर खुनी माणूस ग्लास उचलतो. डाव्या हाताने. आम्ही इतक्या वेळा तो सिनेमा पाहिला, पण हे कधी दिसलं नव्हतं! आधीच्या प्रसंगात सुरा उजव्या हातात होता.

"अरे, डावा!" कंडक्टर उडालाच. "मागे घे, मागे घे!"

आणि माझ्या अंगठ्याने मागे घेतली.

मी नाही घेतली हो, अंगठ्याने घेतली. पंचवीस वर्षांची सवय. पण असं म्हणून सुटका आहे का? मशीनमधून किर्र आवाज आला, चित्र ओढलं गेलं, आणि पडदा निळा झाला.

मी प्लग खेचला. कंडक्टर दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच्या आधी माझ्या स्वतःच्या. शूटिंगवाला माझ्यावर कडाडला, "काय सांगितलं होतं तुला मी? गाढवा, काय सांगितलं होतं?" मी त्याला उलट बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

ती फरशीवरून उठली नव्हती. तिने विचारलं, "गेला?"

तिच्या घरात हा प्रश्न एकदा विचारून झाला असणार, होडीच्या फळ्या लागल्या तेव्हा.

मी मशीनचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उघडलं. आतल्या गोल डोक्याला टेप गुंडाळली गेली होती. बोटांनी, नखं न लावता, एकेक वेढा सोडवला. वीतभर टेप चुरगळून चुण्या पडलेली. शूटिंगवाल्याने कात्री काढली. "एवढं कापू, सेलोटेपने जोडू. बाकीचं तरी वाचेल. चुरगळलेलं तसंच घातलं तर पुन्हा अडकेल आणि सगळंच जाईल."

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण त्या वितीत काय आहे ते कुणाला ठाऊक? टपरी संपत होती, किनारा सुरू होणार होता. तो वाळूवर पडलेला असतो ते जेमतेम दहा सेकंद. डोकं ताणून चित्र आठवायचा प्रयत्न केला. सगळा सिनेमा पाठ म्हणून मिरवणारा मी, पण टेपच्या कुठल्या इंचावर काय आहे हे मला सांगता येईना.

"कापू नका," ती म्हणाली.

"अगं, पण अडकली तर..."

"कापू नका म्हणते ना! अडकंल तर अडकंल. त्यात माझा बापूस हाय, त्याला कापायचा न्हाय."

शूटिंगवाल्याने कात्री खाली ठेवली. मी काउंटरच्या काचेवर स्वच्छ रुमाल पसरला, त्यावर टेप ठेवली आणि अंगठ्याने, त्याच नालायक अंगठ्याने, एकेक चुणी सपाट केली. अर्धा तास लागला असेल. कंडक्टर माझ्या कपाळाचा घाम टेपवर पडू नये म्हणून टॉवेल धरून उभा होता. मग कॅसेट मिटली, आत घातली, आणि रिमोट मी त्या मुलीच्या हातात दिला. माझा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता.

तिने बटण दाबलं. निळा पडदा. मग नुसत्या आडव्या रेघा. मशीन कण्हायला लागलं. मी डोळे मिटून घेतले, खरंच सांगतो, मला बघवेना. कंडक्टर माझा दंड पकडून होता.

"आला," ती म्हणाली.

डोळे उघडले. रेघांतून किनारा दिसत होता, सुरूची झाडं, वाळू. आणि तो. कोवळा पोरगा होता हो! चोवीस-पंचवीसचा असेल. इतकी वर्षं मी त्याचं पोट बघून हसत होतो, तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. हनुवटीवर तिच्यासारखीच खळी. तिने टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. लुंगीच्या गाठीवर त्याचं पोट वर आलं, खाली गेलं.

"एक," ती पुटपुटली. "दोन. तीन." मग पोलिसाचे बूट आडवे आले आणि प्रसंग संपला.

आमच्यातलं कुणी हसलं नाही. कंडक्टरने चष्मा काढला तो बराच वेळ घातलाच नाही. पुढे दहा मिनिटांनी टेप पुन्हा अडकली ती कायमचीच. त्या सिनेमातला खुनी कोण ते आता आम्हा तिघांशिवाय कुणाला कळायचं नाही. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. लॅपटॉपवर किनाऱ्याचा तुकडा उतरला होता. शूटिंगवाल्याने तो तिच्या मोबाईलवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, आयशीला दाखवायला जाते. तुम्ही चला. मला एकटीला जमायचं न्हाय."

आगरदांड्याहून तरीच्या बोटीने दिघीला उतरलो, तिथून एसटी. सबंध रस्ता ती मोबाईल पदरात घट्ट धरून बसली होती. माझ्या मनात भलतीच धाकधूक. म्हातारीने विचारलं की हे तुमच्याकडे इतकी वर्षं होतं, तुम्ही याचं काय करत होता, तर काय सांगणार? हसत होतो म्हणून?

आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. लेकीने तिला पायरीवर बसवलं, मी कोण ते सांगितलं आणि मोबाईल पुढे धरला. आईने डोळे बारीक केले. पाहिलं. पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मला वाटलं, ओळखलं नाही की काय.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "लोक हसत असतील न्हाय? मुडद्याचं पोट हलतंय म्हणून."

मी खोटं बोलू शकलो असतो. "हसायचो," मी म्हणालो. "मी सगळ्यांत जास्त."

तिने मान हलवली, रागावल्यासारखी नाही. "तो शूटिंगचा टोपीवाला साहेब लय ओरडला. दम धर, दम धर, श्वास सोडू नको. पाच वेळा केलं. मी सुरूखाली उभी व्हते, ही पोटात. आदल्या दिवशी मी त्याला शपथ घातली व्हती. मेल्याचं सोंग घे, मी न्हाय म्हणत न्हाय, पण दम धरलास तर माझी शपथ हाय तुला. दर्यावर जाणाऱ्याने असं करू नये."

तिने बोंबलाचे हात लुगड्याला पुसले.

"एवढे लोक ओरडत व्हते," ती म्हणाली, "पण त्यानं माझं ऐकलं."

लेक तोंडात पदर कोंबून रडत होती. आईने मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे केला.

"मला येत न्हाय यातलं," ती म्हणाली. "तुम्ही मागं घ्या."

माझा अंगठा जागच्या जागी थिजला. इथे टेप नाही, काही तुटायचं नाही, हे मी मनाशी दोनदा म्हटलं, आणि मग मागे घेतलं.