जाण्याचा परवाना

लिओना पार्डी आमच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं नर्स होती. त्यातली एकोणीस वर्षं मी तिच्या समोरच्या खिडकीत नोंदणीला बसते आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगते ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं तिनेच चहा पिताना सांगितलेलं.

गल आर्मचा दवाखाना बारा खाटांचा. डॉक्टर एक, तोही महिन्यातले काही दिवस. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर वादळ लागलं की रस्ता बंद होतो, हेलिकॉप्टर येत नाही, आणि मग बाळंतीण असो की छातीत कळ आलेला म्हातारा, समोर जी नर्स असेल तिच्यावरच सगळं. ती बहुतेक वेळा लिओना असायची.

तिचा नवरा फॉन्स एकवीस वर्षं देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलाच्या कामावर जायचा. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. आमच्याकडे अर्ध्या घरांची हीच तऱ्हा. त्या एकवीस वर्षांत लिओनाने दोन मुली वाढवल्या, बापाचं आजारपण काढलं, छपराच्या फळ्या बदलून घेतल्या, हिवाळाभर दारातला बर्फ उपसला. फॉन्स यायचा तेव्हा पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. मग एके वर्षी त्याची पाठ गेली आणि तो कायमचा घरी आला. मुली तोवर एक हॅलिफॅक्सला, एक कॅल्गरीला.

फॉन्स माणूस वाईट नाही. दारू नाही, आवाज चढवणं नाही. स्वयंपाकघरात खिडकीपाशी चहा घेऊन बसायचा आणि मध्येच विचारायचा, हा चमच्यांचा खण इथे का, ती टोपली तिथे का. एकदा दवाखान्यात लिओना डबा उघडून माझ्या समोर बसली होती, खात मात्र नव्हती.

"व्हर्ना," ती मला म्हणाली, "तो घरात आला आणि मला घरात बसवेना झालंय."

"भांडलात का?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं. कुणीतरी घरी असायला हवं म्हणून इतकी वर्षं मी होते. आता तो आहे. मग मी कशाला हवी?"

त्याच सुमारास टेसा आली. मॅनिटोबाची पोरगी, एकतीस वर्षांची, एजन्सीकडून सहा आठवड्यांच्या करारावर. आमच्याकडे कायमच्या नर्सा मिळेनाशा झाल्यापासून अशा फिरत्या नर्सा येत-जात असतात. कपाटाच्या किल्ल्या कुठे, कुठल्या म्हाताऱ्याला कानाशी जाऊन बोलावं लागतं, हे सगळं त्यांना लिओना शिकवायची. शिकून झालं की त्या पुढच्या गावी. टेसा अमेरिकेत तीन राज्यांत काम करून आलेली होती. जेवणाच्या सुट्टीत ती सहज म्हणाली की लिओनासारखीला तर तिथे डोक्यावर घेतील, अर्ज भरायचा आणि निघायचं.

त्या अर्जाला एकोणीस महिने लागले.

लिओनाने न्यू मेक्सिको निवडलं. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, नकाशात त्याला कुठूनही पाणी लागत नाही. तिथल्या नर्सिंग मंडळाला आधी तिच्या शिक्षणाचा पुरावा हवा होता, आणि तो तिच्याकडून चालणार नव्हता, थेट शाळेकडून हवा होता. तिची शाळा बंद होऊन पंचवीस वर्षं झालेली. कागद सेंट जॉन्सला कुठल्याशा तळघरात आहेत इतकंच समजलं. फोन केला की कुणीतरी दुसरीकडे जोडायचं, तिथून तिसरीकडे. त्यात शाळेच्या वहीत ती लिओना स्किनर, पासपोर्टवर लिओना पार्डी, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर फादरने आपल्या मर्जीने लिओनोरा लिहिलेलं. तीन बायका एकच आहेत असं शपथेवर लिहून द्यायला ती वकिलाकडे दोन तास गाडी चालवत गेली.

मग बोटांचे ठसे. पोलीस चौकीतल्या कॉन्स्टेबलने नीट शाई लावून घेतले, पाठवले, ते परत आले. ठसे उमटतच नाहीत. पुन्हा घेतले, पुन्हा परत. पंचवीस वर्षं दिवसातून साठ वेळा हात धुतलेल्या बाईच्या बोटांवर रेषा कुठून राहणार? टेसाने फोनवर सांगितलं म्हणून तिने दोन आठवडे हातांना चरबीचं मलम लावून रात्री मोजे घातले. तिसऱ्या खेपेला उमटले.

या दिवसांत ती शांत बसलेली मला आठवत नाही. ड्यूटी संपली तरी घरी जायची नाही. औषधांची कपाटं लावायची, लावलेली पुन्हा लावायची. बंदराच्या धक्क्यापर्यंत चालत जायची आणि लगेच परत फिरायची, जसं काही तिकडे विसरलेली वस्तू आणायला गेली आणि ती सापडली नाही. तासातासाला फोन उघडून बघायची, आणि दर वेळी तेच वाक्य, तुमची फाइल तपासणीत आहे. एकदा मी चिडून तो फोन माझ्या खणात ठेवला. दहा मिनिटांनी येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दुकानात लोयोला हाइन्स म्हणाला, "आपली दुखणी वाऱ्यावर सोडून अमेरिकेची काढायला चाललीस म्हणे." लोयोलाचं हृदय बंद पडलं होतं तेव्हा लिओनाने अकरा मिनिटं त्याची छाती दाबून त्याला परत आणलेलं. तिने पाव घेतला आणि बाहेर पडली. त्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे येऊन म्हणाली की तो खरं बोलला, आणि तेच तिला सोसत नाही.

कागद पुरे झाले तशी परीक्षेची परवानगी आली. तिकडचा परवाना हवा तर त्यांचीच परीक्षा; तिने सत्त्याण्णव साली दिलेली इथली परीक्षा त्यांना चालत नव्हती. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजातून कालपरवा बाहेर पडलेल्या पोरींच्या शेजारी बसून संगणकावर. त्या संगणकाची गंमत अशी की प्रश्न किती येणार ते ठरलेलं नसतं. तुमची लायकी त्याला कळली की तो आपणहून थांबतो. चांगलं असलं तरी लवकर थांबतो, वाईट असलं तरी लवकरच.

सात तास गाडी चालवून ती सेंट जॉन्सला गेली. पंच्याऐंशी प्रश्नांनंतर पडदा बंद झाला. दोन दिवसांनी निकाल आला. नापास.

हा दिवस माझ्या समोर घडला नाही, पण तिने इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथे असल्यासारखं वाटतं. शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी वाटाण्याचं सूप. फॉन्सने ते स्वतः केलं, कणकेचे गोळेही सोडले त्यात, आणि ढवळताना तो गुणगुणत होता. लिओनाने चमचा खाली ठेवला.

"तू गुणगुणतोयस," ती म्हणाली.

"मग काय झालं?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा. मी नापास झाले त्या दिवशी."

फॉन्सने गॅस बारीक केला. मग म्हणाला, "एकवीस वर्षं मी त्या तेलाच्या छावणीत या स्वयंपाकघराचा विचार करत काढली, लिओना. इथे येऊन बघतो तर तू उठून चाललीस."

"मी काय विचार करत काढली, ते विचारलंस का कधी?"

त्याने नाही विचारलं. सूप दोघांनीही खाल्लं, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

पुढच्या आठवड्यात ती मला म्हणाली की सोडून देते आता. मी बरं म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. तिच्याशिवाय तो दवाखाना कसा चालेल हे मला कळत नव्हतं. माझा चेहरा तिने नक्कीच वाचला असणार, कारण त्याच दुपारी तिने टेसाला फोन लावला.

टेसाने तिला वीस प्रश्न घातले आणि उत्तरं ऐकून हसायलाच लागली. एका प्रश्नात बाळंतपणानंतर रक्त थांबत नसलेली बाई होती, पहिल्यांदा काय करायचं. लिओनाने उत्तर दिलं, पण त्याच दमात पुढचं सगळंही करून टाकलं. शिरेत सुई, सलाइन, कोण रक्त देऊ शकेल त्याला घरून बोलावणं, रस्ता उघडा आहे का ते बघायला माणूस पाठवणं.

"अगं बाई," टेसा म्हणाली, "त्या परीक्षेतल्या दवाखान्यात सगळं आहे. डॉक्टर दाराशी उभा आहे, रक्त तयार आहे, चार नर्सा रिकाम्या बसल्यात. तू उत्तरं गल आर्ममधून देतेस."

लिओनाला हे पचवायला जड गेलं. जे तिने पंचवीस वर्षं केलं, ज्यावर माणसं जगली, ते सगळं विसरायचं आणि हाकेला डॉक्टर येतो असं धरून चालायचं. दीड महिना ती तेच शिकत होती. माझ्या खिडकीसमोर येऊन मोठ्याने म्हणायची, डॉक्टरला कळवा, डॉक्टरला कळवा, आणि तेव्हा आमचा डॉक्टर पाचशे किलोमीटरवर असायचा. आम्ही दोघी हसायचो. मग ती हसायची थांबून म्हणायची, अशी जागा खरंच असते का गं?

दुसऱ्या खेपेला संगणक बंदच पडेना. शंभर झाले, सव्वाशे झाले. शेवटच्या, दीडशेव्या प्रश्नापर्यंत त्याने तिला बसवून ठेवलं. बाहेर पडली तेव्हा आपण नापास याची तिला इतकी खात्री होती की तिने वाटेत थांबून पुस्तकं एका पेट्रोलपंपावरच्या बाईला देऊन टाकली. त्या बाईची मुलगी नर्सिंगला होती. आणि लिओना पास झाली होती.

त्यानंतरही राज्याचा परवाना, मग परदेशी नर्सांसाठी लागणारं वेगळं प्रमाणपत्र, मग एजन्सीचा तेरा आठवड्यांचा करार. आमची मुख्य नर्स डॅफनी बॅग्ज तिच्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. शेवटच्या दिवशी मात्र तिनेच गव्हाचा केक आणला आणि कापायच्या आधी रडली.

हॅलिफॅक्सच्या विमानतळावर अमेरिकेचे अधिकारी बसतात. त्यातल्या एकाने कागद चाळले आणि विचारलं, पंचवीस वर्षं एकाच जागी, मग आताच का निघालात? लिओनाने घरून उत्तरं पाठ करून नेली होती, अनुभव, संधी, असलं काहीतरी. ती सगळी विसरली.

"आता नवरा घरी असतो," ती म्हणाली.

त्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पहिल्या महिन्यात फॉन्स तीन वेळा रक्तदाब तपासायला दवाखान्यात आला. रक्तदाब ठीक होता. तिसऱ्यांदा माझ्या खिडकीशी रेंगाळला. आदल्या दिवशी फोनवर त्याने लिओनाला विचारलं होतं की एवढी वर्षं संध्याकाळी ती करायची तरी काय. ती म्हणाली होती की आधी तुझ्या फोनची वाट बघायचे, मग हळूहळू सोडून दिलं.

"मला ठाऊकच नव्हतं," फॉन्स म्हणाला. मागे लोयोला हाइन्स रांगेत उभा होता, तरी तो हलला नाही.

फॉन्सने कधी पासपोर्ट काढला नव्हता. अल्बर्टाला लागत नाही. त्याने माझ्याकडून फॉर्म भरून घेतला आणि मार्चमध्ये दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेला. सहाव्या दिवशी परत आला. कोरडी हवा, नाकातून रक्त येतं, समुद्र नाही, मासा खायच्या लायकीचा नाही, हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "तिथे तिला कुणी ओळखत नाही, व्हर्ना. सकाळी कामावर निघते ना, मी खिडकीतून बघायचो. ती इथे तशी चालत नाही."

टोपी डोक्यावर घालून तो निघाला.

ती मे महिन्यात आली. उन्हाळाभर आमच्याकडेच सुट्या पाळ्या केल्या, ऑगस्टमध्ये दलदलीत बेकअॅपलची पिवळी फळं वेचायला आम्ही तिघं गेलो. तिथला दवाखाना कसा होता असं मी विचारलं. डॉक्टर हाकेला येतो, ती म्हणाली, पहिले दोन आठवडे तिला हाक मारायचंच सुचायचं नाही. एकदा एका मेंढपाळ म्हाताऱ्याचा श्वास अडकला आणि तिने एकटीने सगळं केलं, मग मागे वळून पाहिलं तर सहा माणसं उभी होती, काय करायचं ते सांग म्हणत.

मग आता मन लागेल का इथे, हेही मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही," ती म्हणाली. "तिथेही लागलं नाही. पण तिथे कुणी विचारत नाही."

सप्टेंबरात तिने दुसऱ्या राज्याचा करार घेतला. फॉन्सनेच तिला गँडरच्या विमानतळापर्यंत सोडलं आणि परतताना तो माझ्याकडे जेवायला थांबला. दोन वाट्या सूप प्यायला. नोव्हेंबरात येईन म्हणते, एवढंच म्हणाला, आणि भांडी स्वतः धुऊन ठेवली.